धोंडू राऊत याच्या मांगराबाबत

॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥

मी, परशुराम गोविंद मुणगेकर, वय वर्षे त्रेचाळीस, धंदा शेती, पूर्वी सैन्याच्या छत्रीधारी पलटणीत हवालदार, राहणार मौजे आचरा, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे की, माझे पोट बिघडले आहे, डोके नाही. येत्या सोमवारी मला मिरजेच्या इस्पितळात नेणार आहेत आणि तिथे पोट फाडून आतला व्रण काढणार आहेत. मालवणच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडावर ‘बरे व्हाल’ असे सांगितले आणि पडवीत जाऊन माझ्या बायकोला वेगळेच सांगितले. आमच्या पडवीतले बोलणे माजघरात ऐकू येते. म्हणून कुणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, तर माझ्या खुशीने आणि समजून उमजून मी हे लिहीत आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. विमानातून उड्या घेत होतो तेव्हाच करायला हवे होते. पण कागद केला की पाय जड होतील असे तेव्हा वाटायचे.

वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रात नुसते काय द्यायचे ते लिहावे, का द्यायचे ते लिहू नये. त्यांचा सल्ला मी अर्धा मानला आहे. कारण लिहून ठेवले नाही तर गाव आपल्या मनाने कारण लावते, आणि ते खऱ्यापेक्षा जास्त टिकते.

कलम पहिले. राहते घर, परसातले माड आणि विहीर ही माझी पत्नी सौ. शेवंती हिला संपूर्ण मालकीने देत आहे. आम्हांला मूलबाळ नाही. हे घर मी नोकरीतून आल्यावर बांधले. वडिलांच्या घराशी त्याचा संबंध नाही. कुणी तिला ‘तुमी एकट्या कशाक ऱ्हवतास, आमच्याकडे येवा’ असे प्रेमाने सांगू लागला, तर तिने चुलीपुढून उठू नये. गाय तिचीच. गाईच्या गळ्यातला जाड खाकी पट्टाही तसाच राहू द्यावा. तो कशाचा आहे हे चौथ्या कलमात येईल. मी पेटीत जपून ठेवला होता, शेवंतीने दावे म्हणून काढला. त्याहून चांगला उपयोग मलाही सुचला नाही.

कलम दुसरे. उडीचे बूट महादू पाडेली यास द्यावेत. तो आमचे नारळ पाडतो आणि त्याचा पाय माझ्याएवढा आहे. बूट घालून माडावर चढता येत नाही हे मला ठाऊक आहे; ते त्याने बाजाराला घालावेत. मात्र मोबदल्यात त्याने माझे एक ऐकावे. पायात अडकवायची दोरी चढण्यापूर्वी दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून घालावी. ‘रोजचीच दोरी, तिका काय बघूचा?’ असे तो मला म्हणाला होता. रोजच्या दोरीनेच माणसे मरतात. नव्या दोरीकडे सगळेच बघतात.

कलम तिसरे. माझी लाल टोपी माझ्याबरोबर जाळू नये. लोकर उत्तम आहे. ती शाळेला द्यावी. नाटकात शिपाई लागतोच. छातीवरचा पंखांचा बिल्ला शेवंतीजवळ राहील.

कलम चौथे. खाडीकडचा मांगर, म्हणजे वाडीतले शेतघर, त्याच्या भोवतीची जागा आणि तिथले माड मी धोंडू सखाराम राऊत, मूळ राहणार खारेपाटण, यास कायमच्या मालकीने देत आहे. मांगर वडिलार्जित असला तरी आम्हां भावांच्या नोंदलेल्या वाटणीत माझ्याकडे आला आहे आणि मला तो देता येतो, असे वकिलांना विचारून घेतले आहे. या कलमाला विरोध होणार आहे म्हणून कारण सविस्तर लिहितो. धोंडूने ही हकिकत गावात सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती. हात कशाने गेला असे कुणी विचारले तर तो ‘मशिनीत’ एवढेच सांगतो. ती शपथ मी इथे मोडत आहे.

धोंडू आणि मी एकाच तुकडीत होतो. १९५६ साली, पाऊस सरल्यावर, आग्र्याला सरावाची उडी होती. तुकडीत सगळे जुने. नवा माणूस भीतीने सावध असतो, जुन्याला सवय गाफील करते. म्हणून आम्ही कुणाला त्याच्या सवयीवर सोडत नसू. विमानात उभे राहिलो की प्रत्येकाने पुढच्याची पाठ तपासायची. खांद्यावरचे पट्टे, पाठीवर घडी घातलेली छत्री, आणि एक लांब पट्टा, ज्याचे एक टोक छत्रीला आणि दुसरे विमानातल्या तारेला आकड्याने अडकवलेले असते. माणूस बाहेर पडला की तो पट्टाच छत्री ओढून उघडतो. आपल्या हाताने काही करायचे नसते. माझ्या मागे नेहमी धोंडू असे. तपासून झाले की खांद्यावर थाप मारून म्हणायचा, “बरो आसस. जा, मर.” ते ऐकल्याशिवाय मला दार दिसत नसे.

त्या दिवशीही तो तसे म्हणाला. हिरवा दिवा लागला, पुढचे गेले, मी उडी घेतली. छत्री उघडण्याचा झटका खांद्यांना बसायचा तो पायाला बसला. बाहेर पडताच वाऱ्याने मला उलटे फिरवले आणि पट्ट्याचा फेरा घोट्यात आवळला. मी विमानाच्या शेपटीखाली, डोके खाली करून, पत्र्यावर आपटत लटकलो. पाठीवरची छत्री बंदच होती. दुसरी छत्री त्या उडीला आमच्याजवळ नव्हती. पट्टा कापला असता तर मी बंद छत्रीसकट जमिनीवर गेलो असतो. न कापता विमान उतरवले असते तर धावपट्टीवर काय झाले असते ते लिहीत नाही; शेवंती हे ऐकणार आहे.

उड्या घ्यायला लावणाऱ्या सुभेदाराने दारात हात आडवा घालून धोंडूला थांबवले. माझ्यानंतर त्याचीच पाळी होती. वाकून पट्टा ओढायला पाठीवरची छत्री आड येत होती, म्हणून धोंडूने ती उतरवून आत फेकली आणि उघड्या दारात पालथा पडला. आता तो घसरला असता तर त्याला काहीच नव्हते. दोघांनी त्याचे पाय धरले, बाकीच्यांनी पट्टा ओढायला घेतला. ते मला हातभर वर घेत आणि वारा मला परत नेई. तेवढ्यात पट्टा दाराच्या कडेवर घासून विरू लागल्याचे धोंडूला दिसले. तिथे घालायला फडके नव्हते, आणायला वेळ नव्हता. त्याने आपला उजवा हात ती पत्र्याची धार आणि पट्टा यांच्यामध्ये घातला. माझे सगळे वजन आणि सगळा वारा त्या हातावरून ओढला गेला. त्याने हात काढला नाही.

मला वर दाराची कड दिसे आणि तिच्यावर त्याचे तोंड, ओठ सारखे हलणारे. तो ‘धीर धर’ म्हणतो आहे असे समजून मी धीर धरला. पुढे इस्पितळात विचारले तर म्हणाला, “धीर? मी तुका गाळी घालीत होतंय. जेवण जरा कमी कर म्हणान तुका सांगत होतंय मा मी?”

मला आत घेतले तेव्हा त्याच्या हातमोज्यात बोटे होती, पण ती त्याची राहिली नव्हती. सुभेदाराने तो पट्टा नंतर मला आणून दिला.

माझा घोटा थंडी संपता संपता बरा झाला आणि पुन्हा उडीचा दिवस आला. मी नको म्हटले असते तर कुणी हसले नसते. पण एकदा नको म्हटले की पुढे आयुष्यभर तेच तोंडात येते. सकाळी विमानाशेजारी रांगेत उभा होतो. पाठीमागे कुणीतरी वेगळा असणार या विचाराने घाम सुटला होता. वळून पाहिले तर धोंडू. अंगावर इस्पितळाचे कपडे, हात गळ्यात बांधलेला.

“तू हयसर खंयसून?” मी विचारले.

“मागल्या दारान. गप फिर तिकडे.”

सुभेदाराने त्याला पाहिले आणि तोंड दुसरीकडे केले. धोंडूने डाव्या हाताने माझी पाठ तपासली. तो लांब पट्टा त्याने परत परत चाचपला. तेव्हा मला कळले की भ्यालेला मी एकटा नाही. “बरो आसस,” तो म्हणाला. पुढचे दोन शब्द त्या दिवशी त्याच्या तोंडून निघाले नाहीत. छत्री उघडली. मी मोहरीच्या पिकात उतरलो आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

धोंडूला पलटणीने घरी पाठवले. १९६० साली मीही सुटलो आणि आचऱ्याला येण्याआधी खारेपाटणला उतरलो. भावांच्या घरात गोठ्याशेजारी त्याचे अंथरूण होते. त्याला जेवण मिळे, पण सगळ्यांचे झाल्यावर. मी पडवीत बसलेला असताना त्याची वहिनी आतून म्हणाली, “एका हातान माणूस किती काम करतलो?” धोंडूने उजवा हात अंगावरच्या पंचाखाली घेतला. विमानाच्या दारात न हललेला माणूस मी त्या वाक्याने हललेला पाहिला.

“धोंडू, बिछानो गुंडाळ,” मी म्हटले.

“खंय जावचा?”

“आचऱ्याक.”

“तुझ्या बायलेक इचारलंस?”

विचारले नव्हते. शेवंतीने दारात त्याचा हात पाहिला, पाय धुवायला पाणी ठेवले आणि एवढेच विचारले, “भावजी, तिखट चलता मा तुमका?” घरात राहायला मात्र धोंडूच तयार झाला नाही. “लोक वैनीक बोल लावतले,” म्हणाला. म्हणून मांगर. तो तेव्हा पडका होता. शाकारणी, गिलावा, कुंपण हे सगळे त्याने डाव्या हाताने आणि दातांनी केले.

आता माझा धाकटा भाऊ बाबली याच्याविषयी. त्याची जमीन मांगराला लागून आहे आणि त्याची खाडीकडे जायची वाट मांगरावरून जाते. वाटणीच्या दिवसापासून त्याला तो मांगर हवा आहे, आणि मागण्यात काही गैर नाही. आमचे वडील तिथेच उठत बसत. परंतु यंदा गणपतीत, मी पोट धरून अंथरुणावर असताना, त्याने माझ्या अंगणात उभे राहून सांगितले, “तू गेलंस काय दुसऱ्या दिसाक ह्येचो बिछानो रस्त्यार! बापाशीचो मांगर खारेपाटणच्या माणसाक? आमचो कोण तो?”

धोंडू पायरीवर बसून माझ्यासाठी पेज निववत होता. त्याने भांडे खाली ठेवले नाही, पेज मला पाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी मांगर रिकामा होता.

मी उठलो आणि एस्. टी. थांब्याकडे चालत गेलो. शेवंती मागून हाका मारत होती. धोंडू वळकटीवर बसला होता.

“माका कित्याक पाठसून इलंस?” तो रागाने म्हणाला. “मी गेलंय तर तुमी भाव भाव बरे ऱ्हवतल्यात.”

मला उत्तर द्यायचे होते. पण तोंडात रक्त आले आणि मी रस्त्यातच बसलो. धोंडूने वळकटी तिथेच टाकली, मला पाठीवर घेतले आणि घरी आणले. तेव्हापासून तो जाण्याचे नाव काढत नाही. मीही त्याला राहा असे म्हटलेले नाही. जे म्हणायचे ते या कलमात आहे: मांगर त्याचा आहे, उपकार म्हणून नव्हे. पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसाला उभे राहायला जागा लागते.

धोंडू माझ्याआधी गेल्यास मांगर शेवंतीकडे यावा.

कलम पाचवे. बांधावरचा हापूस, ज्यावरून बाबली आणि मी गेली दोन वर्षे एकमेकांच्या घरी जेवलो नाही, तो बाबलीला देत आहे. मुळे त्याच्या बाजूला आहेत हे मला पहिल्यापासून दिसत होते. मांगरावरून खाडीकडे जायची त्याची वाट कुणी अडवू नये, धोंडूनेही नाही.

कलम सहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शाळेचे हरिश्चंद्र गुरुजी यांनी करावी. धोंडूने साक्षीदार म्हणून सही करू नये असे वकिलांचे सांगणे आहे. ते ऐकून तो म्हणाला, “बरा झाला. डाव्या हाताची सही बघून कोणी इस्वास ठेवचो नाय.”

वाचून झाल्यावर जोडलेला मजकूर. वरील मजकूर आज सकाळी गुरुजींनी माझ्या पडवीत सर्वांसमक्ष वाचला. बाबलीस मुद्दाम बोलावले होते. तो खांबाला टेकून उभा राहिला, बसला नाही. चौथे कलम चालू असताना धोंडू उठून विहिरीकडे गेला. शपथ मोडल्याबद्दल तो माझ्याशी अजून बोललेला नाही.

वाचन संपल्यावर गुरुजींनी बाबलीला विचारले की हरकत नसल्याची सही करता का. बाबली म्हणाला, “मांगराचा माका पटाक नाय. मी सही करूचंय नाय.” आणि पायऱ्या उतरून गेला. अंगणाच्या टोकाला तो थांबला. विहिरीवर धोंडू एका हाताने राहाट ओढत होता. बाबलीने जाऊन राहाटाच्या दोराला हात घातला, कळशी वर घेतली आणि तिथूनच मला मोठ्याने म्हणाला, “मिरजेक रगत लागतला म्हणतत. एका आवशीचा आसा, चलात माझा. सोमवारी किती वाजता निघूचा?”

बाबली आपले रक्त द्यायला मिरजेला बरोबर येणार याचे मला बरे वाटले. पोटातले दुखणे थोडा वेळ विसरलो.

तरीही चौथे कलम जसेच्या तसे ठेवले आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून घेतले, ऐकले, आणि माझे म्हणणे यात बरोबर उतरले आहे म्हणून खाली सही करतो.

मुक्काम आचरा, तारीख ७ नोव्हेंबर १९६४

सही: परशुराम गोविंद मुणगेकर

आमच्यासमक्ष सही केली, म्हणून साक्षी:

१. हरिश्चंद्र रामचंद्र पेडणेकर, शिक्षक, आचरा. (सही)

२. काशीबाई भ्रतार बाबू घाडी, शेजारीण, आचरा. (डाव्या हाताचा अंगठा)