मुद्दाम जाळलेलं तेल

सावनेर, ४ मार्च २०२४

चि. हर्षितले मावशीचे अनेक आशीर्वाद.

कंडक्टरजवळ तेलाची कॅन अन् ही चिठ्ठी देऊन राहिली. दुकानातलं तेल तुले पटलंच नाही ना बाप्पा! आता मी आलूबोंड्याचं तेल रोज बदलते, हा काय माझा गुन्हा आहे? तेल खाऊन पोटात प्लास्टिक साठवणारे तुझे ते जंतू, त्यांना म्हणे जास्त जळलेलं पायजे. म्हणून मागच्या आंगनात वेगळी कढई मांडली अन् चार दिवस नुसती आलूची सालं तळत बसली. मिनल म्हणे, आई, शेजारी भांडाले येतील. इतके लाड तर मी तिच्या नवऱ्याचेही नाही केले.

जेवत जाय वेळेवर. जीव लावणारी तुझी,
प्रेमिला मावशी


धरमपेठ, नागपूर, १८ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझ्या तेलावर जिवाणू असे गलेलठ्ठ झाले की सर स्वतः मायक्रोस्कोपला खुर्ची ओढून बसले. त्या प्लास्टिकचा पातळ तुकडा सोबत पाठवतोय. असाच दुसरा कुंडीत पुरला होता, तो दोन महिन्यांत मातीत विरून गेला. पीएचडीचा प्रबंध जमा केलाय. पेपरवाले मुलाखतीला येणार आहेत. तुझं नाव छापून आणतो, मग मिरव गावभर!

मिनलताईला नमस्कार. माया आहेच, ती वाढव.
तुझा हर्षित


सावनेर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षितले आशीर्वाद.

तू फोन उचलत नाही, म्हणून लिहून राहिली. छापून आणलं तू माझं नाव. सावनेर बसस्टँडवरच्या प्रेमिलाबाईंच्या दुकानातलं रोजचं तेल इतकं जळकं, की प्रयोगाले उत्तम ठरलं म्हणे. रोजचं असं काहून लिहिलं गा?

खाणीतले लोक पाळी सुटली की बावीस वर्षांपासून माझ्याकडं येतात. परवा एकानं हातातली प्लेट तशीच खाली ठेवली. म्हणे, बाई, लेकरांसाठी नेत होतो ना तुमच्या इथून. मले तोंड वर करता आलं नाही. तपासणीवाले तेलाचा नमुना घेऊन गेले ते वेगळंच.

मले वाटलं, पेपरवाल्यानंच घोळ केला. पण मिनलनं तुझा प्रबंध मोबाइलवर वाचला. तिथंही तेच. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाली असती. तुले तर सारं ठाऊक होतं ना रे!

पेपरात खरं काय ते छापून आण.
मावशी


धरमपेठ, ९ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

रागावू नकोस गं. सगळा प्रबंध यावरच उभा आहे की दुकानात रोज उरणारं तेल जसंच्या तसं चालतं. दुकानाच्या नेहमीच्या तेलावर जिवाणू वाढले, पण फारच कमी. प्रयोगातलं तेल मी तुझ्याकडून मुद्दाम जाळून घेतलं असं आता लिहिलं, तर पाच वर्षं पाण्यात. २१ तारखेला तोंडी परीक्षा आहे. ती होऊ दे, मग बघू. लोक काय, चार दिवसांत विसरतात.

परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. आई येतेय, तूही ये. तू समोर असलीस की मला धीर येईल. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
हर्षित


सावनेर, १५ नोव्हेंबर २०२५

हर्षित,

लोक विसरतात म्हणे! काल उरलेले आलूबोंडे गायीपुढं टाकले. तेलाचा अहवाल आला, तेल चांगलं निघालं. काचेवर चिकटवला, पण वाचाले कोणी थांबत नाही.

तुझी पाच वर्षं पाण्यात जातील म्हणून तू भ्यायला. माझी बावीस गेली, त्याचं तुले काहीच वाटलं नाही? चार दिवस धुरात बसून डोळे लाल केले मी तुझ्यापायी. लय लागलं रे मनाले.

२१ तारखेले मी येईन. मिनल म्हणते, तिथं बसलेल्या कोणालेही प्रश्न विचारता येते. मी एकच विचारीन, ते तेल कोणी जाळलं अन् कोणाच्या सांगण्यावरून. उत्तर तू दे. तू नाही दिलं, तर तुझ्या सरांसमोर अन् माझ्या बहिणीसमोर मी देईन.

आशीर्वाद आज लिहीत नाही. उत्तर ऐकल्यावर ठरवीन.
प्रेमिला