शेवटचा म्हणून साजरा झालेला नाताळ

गुरुवार, ३ जानेवारी
दुपारचे साडेतीन

प्रिय खारुताई,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली असेल आणि सर्दीही उतरली असेल, असं धरून चालतो. इकडे ऊन चांगलं पडतंय. आजींची तब्येत ठीक आहे. हे वाक्य मी खाली पुन्हा लिहिणार आहे, तेव्हा ते नीट वाच.

सोमवारी तू कॉलेजच्या ऑफिसात नाव काढून घ्यायचा अर्ज देणार आहेस. देऊ नकोस. कारण याच पत्रात आहे, पण तिथवर पोचायला मला थोडा वेळ लागेल, कारण आधी मला तुझ्या घरच्यांबद्दल बोलायचंय. नऊ दिवस दातांवर दात दाबून बसलो होतो. फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर मला खोटं फार सफाईने बोलता येतं, म्हणून लिहितोय. कुरियरवाला म्हणतो शनिवारी नक्की हातात पडेल.

तर तुझे वडील. बावीस तारखेला गाडीतून उतरले ते दवाखान्यातला आवाज घेऊनच. हळू, ओलसर, शेवटचा शब्द खाली सोडून देणारा. आई, तू बस. आई, तू उठू नकोस. गेल्या नाताळात हाच माणूस जेवणाच्या टेबलावर फोनवरून हाताखालच्या कुणाला तरी झापत होता, आणि आजींनी मीठ मागितलं तेव्हा त्याने त्यांना हाताने थांबवलं होतं, ट्रॅफिक पोलीस थांबवतो तसं. यंदा मीठदाणी आजींच्या पुढ्यातून हललीच नाही. कारण यंदा तुम्हा सगळ्यांना कळलेलं होतं. आजींचं हृदय थकलंय, हा नाताळ निघेल, पुढचा दिसणार नाही, आणि हे त्यांना सांगायचं नाही. एवढं कळल्यावर माणसं किती गोड होतात ते मी पाहिलं.

तुझ्या आईने आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. नाताळचा केक या घरात आजींशिवाय कुणी केलेला नाही. ऑक्टोबरपासून ती बरणी खिडकीत असते, मनुका, बदाम, संत्र्याची साल, सगळं मुरत पडलेलं. त्यातले बदाम तू गेल्या वर्षी चोरून खायचीस, म्हणून तर तू खारुताई झालीस. तेवीस तारखेला सकाळी तुझ्या आईने झाकण उघडलं, नाक मुरडलं आणि आंबलंय म्हणत सगळं सिंकमध्ये ओतलं. आजी दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. एरवी चमचा चुकीच्या खणात गेला तर गल्ली ऐकेल असा आवाज लावणारी बाई. मग दुकानातून केक आला, वर गुलाबी साखरेची फुलं. तुझी आई म्हणाली, तुम्हाला दगदग नको म्हणून. आजींनी तुकडा उचलला, चव घेतली आणि छान आहे म्हणाल्या. मी त्यांच्या वरच्या खोलीत दीड वर्ष भाड्याने राहतोय. त्यांनी कधी कशाला छान म्हटल्याचं मला आठवत नाही.

आत्यांकडे रंगीत गोल टिकल्यांचा कागद होता, मुलांच्या वह्यांना लावायच्या. चोवीस तारखेला झाडाला दिवे लावायला मी खाली वाकलो तर टेबलाच्या खालच्या बाजूला एक हिरवी टिकली. मग खुर्च्या पाहिल्या. शिवणयंत्र पाहिलं. सगळीकडे हिरवी. तुझ्या आईला हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी काही वस्तूंवर लाल दिसू लागल्या. झाडाखाली भेटवस्तू आणि भेटवस्तूंच्या मागे या दोघी गुडघ्यावर, कानातला डूल हरवलाय असं सांगत. डूल दोघींचेही कानातच होते.

आतोबांचं तर विचारू नकोस. मी पडदेवाल्याकडे मापं घ्यायचं काम करतो हे त्यांना माहीत आहे, आणि ते काम कमी प्रतीचं आहे हेही त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. नाताळच्या दुपारी, सगळे पेंगत असताना, मला बाजूला घेऊन म्हणाले, जरा टेप दे रे. काचेचं कपाट मोजलं. मग अंगणात जाऊन गाडीची डिकी मोजली. मग परत कपाट, आडवं. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं, हेही सांगून टाकतो.

त्यांची दोन्ही पोरं बिचारी मोज्यांत फिरत होती, आवाज नको म्हणून. सकाळ-संध्याकाळ आजींचा पापा घ्यायला नळावर लावावी तशी रांग लावायची. धाकट्याने एकदा विचारलं, किती दिवस घ्यायचा. त्याला बाहेर नेऊन चिमटा काढला गेला. तुमच्या घरातला एकमेव सरळ प्रश्न, आणि त्याला चिमटा.

भेटी काय, तर चार शाली आणि एक मऊ उशी.

आता सव्वीस तारीख. पत्त्यांचा डाव तुला आठवत असेल, तू माझ्यासमोर बसली होतीस. आजी हरल्या की डाव उधळतात, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. त्या दिवशी त्या ओळीने सहा डाव जिंकल्या. सगळे टाळ्या वाजवत होते. सहाव्यानंतर आजींनी पत्ते नीट रचले, डबीत घातले आणि म्हणाल्या, दमले मी. तुझ्या वडिलांनी तुझ्या आईकडे बघून मान हलवली, बघ, म्हणत होतो ना, अशा अर्थाने. मला त्यांना गळपट्टी धरून उठवावंसं वाटलं.

पण मी उठलो नाही. का नाही, ते आता लिहितो.

आजींच्या हृदयाला काहीही झालेलं नाही. कुठल्याही डॉक्टरने काहीही सांगितलेलं नाही. तुझ्या वडिलांना तो फोन मी केला होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या वडिलांचा फोन आला की यंदा जमणार नाही, कामं आहेत. पाठोपाठ आत्यांचा, सहलीचं बुकिंग झालंय. आजी दोन्ही वेळा नुसतं बरं म्हणाल्या. मग मला हाक मारली आणि झाडाचा खोका परत कपाटावर ठेवून दे म्हणाल्या. मी शिडीवर चढलो, खोका ठेवला, खाली उतरलो आणि त्या रागात सरळ रस्त्यावर जाऊन फोन लावला. सांगितलं की मीच त्यांना तपासायला घेऊन गेलो होतो. जे तोंडात आलं ते बोललो. थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण तुझे वडील गप्प झाले आणि मला ती शांतता आवडली.

हे मी आजींसाठी केलं असं दोन आठवडे स्वतःला सांगत होतो. चार आणे खरं आहे. बाकी बारा आणे असे की ते आले नाहीत तर तू येणार नव्हतीस.

मी घाबरून होतो की कुणीतरी दवाखान्यात जाईल आणि सगळं बाहेर पडेल. दवाखाना कोपऱ्यावर आहे, चालत पाच मिनिटं. ती भीती फुकट गेली. तुझे वडील, आई, आत्या, आतोबा, नऊ दिवसांत एकाही शहाण्याला डॉक्टरला भेटावंसं वाटलं नाही. तुझ्या वडिलांनी फोनवर एकच विचारलं होतं, साधारण किती वेळ आहे.

तू मात्र विचारलंस. दुसऱ्याच दिवशी, एकटी तूच. आणि मी तुला सांगितलं की डॉक्टर सुट्टीवर गेलेत, दहा तारखेला येतील. ते दवाखान्यातच होते, लोकांना खोकल्याचं औषध देत. बाकीच्यांना खोटं बोललो त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, तुला खोटं वाटायला नको म्हणून तेही लिहितो. या एकाचं वाटतं.

मग एकतीस तारीख. तू जिन्यावर येऊन बसलीस. नऊ दिवस मी त्याच जिन्यावर तुझी वाट बघत होतो आणि तू आजींचे पाय चेपत, डोळे पुसत आत बसलेली. तू म्हणालीस, "आमच्या घरात एवढी माणसं, पण खरं सांगणारा तू एकटाच निघालास." माझा हात धरलास. म्हणालीस, कॉलेज सोडते, आजीजवळ राहते, शेवटपर्यंत. त्या वेळी मी नको म्हणायला हवं होतं. मी काय म्हणालो ते तुला आठवतंय. म्हणालो, मागची खोली उन्हाची आहे, पडदे मी लावून देईन.

तुला मी सांगत आलोय की कॉलेजचं शिक्षण पटलं नाही म्हणून मी ते सोडलं. तसं काही नव्हतं. गेल्या वर्षी तू परत गेलीस आणि मी दर शनिवारी बसने तुझ्या शहरात येऊन तुझ्या होस्टेलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा राहायचो. दोन पेपर बुडाले, तिसऱ्याला सरांशी भांडलो आणि त्याच तावात अर्ज लिहून टेबलावर आपटला. त्या दिवशी अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून कपडे घालून आपण तयार होतो आणि कुठेही जायचं नसतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझं शेवटचं वर्ष आहे. तुझे ते घरांचे नकाशे मला कळत नाहीत, पण तू ते काढताना जीभ बाहेर काढतेस, आणि माझ्या एका खोट्यापायी तू ती पेन्सिल खाली ठेवशील हे मला चालणार नाही.

आज सकाळी आजींनी खाली बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. मला त्या अर्धवट म्हणतात, पदवी अर्धी राहिली म्हणून.

"अर्धवट, बस. माझे किती दिवस राहिलेत?"

मी म्हटलं, कशाचे दिवस.

"थोरला माझा सहा वर्षांचा होता तेव्हापासून पत्त्यांत हरला की पालथा पडून रडायचा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी हुकमाचा एक्का हातात दाबून हरला. त्याच्याच चष्म्यात दिसला मला. तेव्हाच ओळखलं, आपलं काही खरं नाही."

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, म्हणजे मला काही झालेलं नाही? मी म्हटलं, गुडघे सोडून काही नाही. उठल्या, ती रिकामी बरणी घेतली आणि घासायला लागल्या. ती आधीच स्वच्छ होती. पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"आठ दिवस रोज झोपताना हात जोडत होते. म्हणत होते, नेशील तेव्हा ने, पण फार दुखवू नकोस."

खारुताई, तुझ्या वडिलांना नावं ठेवून मी दोन पानं भरली. त्यांनी आईचं मीठ थांबवलं असेल, तिला मरणाच्या भीतीत आठ दिवस कुणी ठेवलं, तर मी.

मग त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. तू सोमवारी अर्ज देणार, असं सांगितलं. "मागच्या खोलीत मी नवी चादर घातली," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता त्या म्हणतील, राहू दे, कशाला सांगतोस. त्या तसं म्हणाल्या असत्या तर मी सांगितलं नसतं, हे तुला कळलेलं बरं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, तिला कळव. आजच.

मी विचारलं, बाकीच्यांनाही कळवू का. "बाकीच्यांना कशाला? पुढच्या वर्षी यायला नकोत?" असं म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

महिनाअखेर खोली सोडायला सांगितलीय. म्हणाल्या, खोटं बोलणारी माणसं मला चालतात, माझ्या पोटची दोन आहेत, पण माझ्या मरणाचं खोटं बोलणारा मला वर नको. मी हो म्हटलं. मालकाच्या गोदामात पडद्यांच्या गठ्ठ्यांवर झोपायची सोय होईल.

तेव्हा वर म्हटलं होतं ते वाक्य पुन्हा: आजींची तब्येत ठीक आहे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. डॉक्टरांचा नंबर पाठीमागे लिहिलाय, सकाळी दहा ते एक असतात, तूच विचार. मग मला शिव्या द्यायच्या तर दे, वडिलांना सांगायचं तर सांग, मला उत्तर पाठवू नकोस. फक्त सोमवारी ऑफिसच्या खिडकीत न जाता वर्गात जाऊन बस. नाताळला आजींकडे ये, त्या धडधाकट आहेत म्हणून ये. मी तिथे नसेन.

तुमच्या घराण्याला आता अगदी शोभेल असा,
वरच्या खोलीतला
(महिनाअखेरपर्यंत)