वरच्या मजल्यावरचे स्वातंत्र्य

आदरणीय दादा,

सादर नमस्कार. आपला गुडघा आता जिन्याशी जुळवून घेऊ लागला असेल, अशी आशा करतो. वहिनींनाही नमस्कार. आपली बहीण बॅग घेऊन आपल्याकडे येऊन थडकली, तेव्हा तिने माझ्याविषयी जे सांगितले असेल ते वस्तुस्थितीला धरूनच असणार. फक्त त्यामागचे तत्त्व तिने सांगितले नसेल, म्हणून हा पत्रप्रपंच.

सोसायटीच्या निवडणुकीत मी ‘आपल्या घरात आपण राजे’ या एकाच घोषणेवर उभा राहिलो, हे आपण जाणताच. (सरकार असो वा सोसायटी, तिने माणसाच्या उंबरठ्याआत डोकावू नये, हे माझे मत आपण प्रत्येक भेटीत जेवताना ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी मीठ मागून विषय बदलला आहे.) अध्यक्ष होताच पहिल्याच सभेत मी सोसायटीची नियमावली रद्द करून घेतली. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारे गृहस्थ आमच्या डोक्यावर राहणारे कराटे मास्तर होते, याचा अर्थ मला तेव्हाच उमगायला हवा होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दिवाणखान्यात वर्ग सुरू केला. कराटेत मनुष्य मारण्यापेक्षा पडण्याचाच सराव अधिक करतो, ही माहिती मला नवी होती. आमच्या झोपण्याच्या खोलीतील छताचा गिलावा आधी पिठासारखा, मग खवल्यांसारखा गळू लागला. आपली बहीण म्हणाली, “राजे वर नाचताहेत. जा, मुजरा करून या!” मी गेलो. मास्तरांनी अत्यंत आदराने चहा पाजला आणि माझ्याच भाषणातील वाक्ये मला पाठ म्हणून दाखवली.

तेव्हा मी सभेपुढे केवळ एका अपवादाचा ठराव मांडला : स्वातंत्र्य सर्वांना, मात्र पडणे तळमजल्यावरच. लगेच दंतवैद्यबाई उठल्या, “मग समोरच्यांच्या कुत्र्याचाही एक अपवाद घाला की, भाऊ!” समोरच्यांना दंतवैद्यबाईंच्या मिक्सरचा अपवाद हवा होता. सभा संपली तेव्हा जुन्या नियमावलीपेक्षा नवे अपवाद लांबलचक झाले होते. नामंजूर झाला तो तेवढा माझा, कारण निम्म्या सभासदांची मुले मास्तरांकडेच पडायला जातात.

त्याच संध्याकाळी आपल्या बहिणीने बॅग भरली. “वरचं बंद झाल्याशिवाय मी यायची नाही. तोवर तुमचं तत्त्व पांघरून झोपा,” एवढेच बोलली. दादा, मी तत्त्व सोडलेले नाही. स्वयंपाकघरात झोपतो.

आपला नम्र मेहुणा

ता. क. : आपण महापालिकेच्या परवाना खात्यात आहात. राहत्या घरात विनापरवाना वर्ग चालवल्याबद्दल मास्तरांना एक कडक नोटीस धाडता येईल काय? निरीक्षकाने मात्र थेट वरच जावे. आम्ही बाल्कनी बंदिस्त करून जी खोली काढली आहे, ती सर्वस्वी खासगी बाब आहे.

पुन्हा ता. क. : नोटीस येत्या रविवारनंतरच निघावी, ही कळकळीची विनंती. रविवारी ‘सरकारी हस्तक्षेप : नागरिकाचा खरा शत्रू’ या विषयावर माझे व्याख्यान आहे, आणि एवढी माणसे मावतील अशी जागा इमारतीत मास्तरांच्या दिवाणखान्याशिवाय दुसरी नाही. त्यांनी ती आपणहून देऊ केली आहे. आपल्या बहिणीला यातले काही कळू नये.