झुलालभाऊंच्या वावरातलं गवत

॥ श्री ॥
पिंपळपाडे, ता. चोपडा
९ डिसेंबर

चि. हेमांगीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आत्या, पत्र कशाला, फोनच कर ना, असं तू याही वेळी लिहिलं आहेस. अगं, फोनवरचं बोलणं शेजारणींना वाचून दाखवता येतं का? संध्याकाळी ओट्यावर बसून मी तुझं पत्र मोठ्याने वाचते आणि मध्येच थांबून उगाच चष्मा पुसते. तेवढ्या वेळात सगळ्या जणी एकमेकींना सांगून टाकतात की ही भाची धुळ्याला कॉलेजात हवामान शिकवते. हे सुख त्या डबड्यातून मिळायचं नाही.

बागेत तू टांगलेली थर्मामीटरं सुखरूप आहेत. किरण रोज आकडे उतरवतो आणि आईपेक्षा ताईची चाकरी जड आहे म्हणून कुरकुरतो. तुझा पेपरातला लेखही वाचला. पृथ्वी दीड अंशाने तापली तर घात होईल, असं तू लिहिलंस. आपल्याकडे मेमध्ये पंचेचाळीस असतंच. त्यात दीड मिळवलं तर साडेसेहेचाळीस. एवढ्याने काय मोठं बिघडतं, हे मला समजेल असं लिही. ओट्यावर मला विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.

आता खुशखबर. आपल्या पश्चिमेचे झुलालभाऊ केळीची बाग काढून टाकत आहेत. गुडघ्यांनी दगा दिला, मुलगा तेजस नाशिकला नोकरीला, करायचं कोणी? कापूस लावेपर्यंत रान मोकळं राहणार. तीन वर्षांपूर्वी भर लग्नात हेच म्हणाले होते की कमलबाईच्या केळीला दृष्ट लागण्यासारखे घड येतात, कारण पुढे माझी बाग उभी आहे. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आता कळेल कोणाची बाग कोणामुळे. शिवाय चोपड्याच्या रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी बाग पहिल्यांदाच उघडी दिसेल. बघू देत लोकांना.

भाकरी थापायला अजून जमत नसेल तर सुट्टीत ये, शिकवते. माया आहे तशीच आहे.

तुझी,
कमलआत्या


धुळे
१८ डिसेंबर

ती. आत्यास,
हेमांगीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग घाबरले. हे पत्र ओट्यावर वाचण्याआधी एकटीने वाच.

उत्तर ध्रुवाकडे समुद्रावर बर्फ असतो. पांढरा असल्यामुळे तो बरंचसं ऊन परत आकाशात फेकतो. थोडा वितळला की खालचं काळं पाणी उघडं पडतं आणि ते ऊन पिऊन घेतं. पाणी तापलं की आणखी बर्फ वितळतो, आणखी काळं पाणी उघडं पडतं. म्हणजे सुरुवात आपण करून देतो आणि पुढे ते आपलं आपण वाढत जातं.

आता तुझी बाग घे. पानांची सावली जमीन ओली ठेवते. ओल्या जमिनीतून आणि पानांतून गारवा सुटतो. गारव्यात पानं धड राहतात, म्हणून सावली टिकते. किरणने गेल्या मेमध्ये उतरवलेले आकडे माझ्यासमोर आहेत. बाहेर आग असताना बागेच्या मध्यात चांगलाच थंडावा होता. तुझी बाग स्वतःचं हवामान स्वतः तयार करते, आत्या. म्हणून ती त्रेचाळीसला हिरवी असते आणि पंचेचाळीसलाही हिरवीच असते. आपल्याला वाटतं, सेहेचाळीसला फार तर थोडी कोमेजेल. पण तसं होत नाही. कडेची पानं फाटली की झळ आत शिरते, जमीन सुकते, गारवा जातो आणि पुढची ओळ कडेची होते. तेच चक्र उलटं फिरू लागतं आणि मग आवरत नाही. पुढे ऊन उतरलं तरी बाग पुन्हा उभी राहत नाही, कारण तिला सांभाळणारी सावलीच गेलेली असते. पेपरातल्या दीड अंशाचं भय हे असं आहे.

मेमधला वारा पश्चिमेचा. आजवर त्याचा पहिला मार झुलालनानांच्या बागेने खाल्ला. तुझ्या काळजाला लागेल, पण लग्नात नाना बोलले ते बरोबर होतं. तुझी केळी अगदी बांधाला भिडलेली आहे, तिथे आडोसा करायला जागा नाही. उपाय एकच. बांधापलीकडे, नानांच्या वावरात, गजराज गवताचा जाड पट्टा लावायचा आणि पाणी तुझ्या बोअरचं द्यायचं. आत्ता लावलं तर मेपर्यंत डोक्याच्या वर जाईल.

म्हणजे तुला नानांच्या दारात जावं लागेल. रागावलीस तर रागाव, पण जा.

तुझ्या रागावरही लोभ असलेली,
हेमांगी


पिंपळपाडे
१६ जानेवारी

चि. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद.

कितीतरी दिवस मी तुझं नाव काढलं नाही. पत्र ओट्यावर वाचलंही नाही. बायकांनी विचारलं तर सांगितलं, भाचीला काम फार, लिहायला फुरसत नाही. पण रोज बागेत जायचे आणि पश्चिमेच्या उघड्या काळ्या रानाकडे बघून परत यायचे. तिथून पाहिल्यावर तुझं लिहिणं खोटं म्हणवेना.

शेवटी संक्रांतीला तीळगूळ घेऊन झुलालभाऊंकडे गेले. बेबाबाईंनी दार उघडलं आणि आत वळून नवऱ्याला हाक मारली. झुलालभाऊ खाटेवर गुडघ्यांना तेल चोळत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की तुम्ही म्हणाला होता ते खरं होतं, हेमांगीने आकडे काढून दाखवलं आहे. मग गवताचं सांगितलं. भाऊ एवढंच म्हणाले, "वहिनी, वावर मनं, पानी तुनं. मंग लाव ना, इचारस काय?" बेबाबाईंनी तोवर चहा टाकला होता. तीन वर्षांचा चहा एकदम प्यायल्यासारखा दोन कप प्याले.

काल किरणने गवताच्या कांड्या लावल्या. भाऊ काठी टेकत बांधावर आले आणि ओळ वाकडी जाते म्हणून त्याच्यावर ओरडले. गाव हसतंय. कमलबाई दुसऱ्याच्या वावरात गवताला पाणी पाजते म्हणे. हसू देत. मी आता तुझं पत्र मोठ्याने वाचते, तो लग्नाचा भागसुद्धा.

अशीच खरं लिहीत जा, मी अशीच रागावत जाईन.

कमलआत्या


धुळे
२४ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

किरणने पाठवलेला फोटो पाहिला. गवत त्याच्या खांद्याला लागलं आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवला तर एकाने विचारलं, मॅडम, ही बाग कोणाची? माझ्या आत्याची, असं मी इतक्या जोरात सांगितलं की मागच्या बाकावरचा झोपलेला जागा झाला.

काळजीचं एकच लिहिते. मेच्या मध्यावर मोठी उष्णतेची लाट येण्याचा अंदाज आहे. बोअरचं पाणी उतरतंय, असं किरण म्हणाला. पाणी कमी पडलं तर आधी कडेचं गवत वाचवावं, असं माझं शास्त्र सांगतं. पण घड तुझे आहेत. ते सुकताना बघायला मी तिथे नसेन, म्हणून इथे बसून तुला हुकूम सोडणार नाही. तुझं मन सांगेल तसं कर. काहीही केलंस तरी मी तुझ्या बाजूने आहे.

उन्हात डोक्याला पदर नाही, ओला पंचा बांध. एवढं ऐकलंस तरी माझ्यावर लोभ आहे असं समजेन.

हेमांगी


पिंपळपाडे
२६ मे

चि. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद.

बाग उभी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

लाट आली त्याच आठवड्यात बोअर अर्ध्यावर आला. आतल्या बागेला देऊन जे उरायचं ते एकाला पुरेल एवढंच, गवताला किंवा बांधाजवळच्या माझ्या तीन ओळींना. त्या तीन ओळी माझ्या सगळ्यांत चांगल्या होत्या. घड इतके भरलेले की प्रत्येकाला बांबूचा टेकू द्यावा लागला होता. किरण म्हणाला, आई, आलेला घास टाकून गवत पोसायचं? त्याचं चुकत नव्हतं. मी तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली आणि माझ्या हाताने त्या ओळींचा व्हॉल्व बंद केला. किरण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग वारा सुटला. श्वास घेतला तर नाक भाजायचं. गवताचे शेंडे पिवळे पडले, पण खाली ते हिरवं राहिलं आणि वाकून पुन्हा उभं राहत होतं. माझ्या तीन ओळी करपल्या. घड मधूनच मोडून पडले. ते मी जवळ उभी राहून पाहिले आणि रडले, तुला कशाला चोरू. पण चौथी ओळ नुसती मलूल झाली आणि पाचवीत शिरले तर अंगाला गारवा लागला. मी तिथेच खाली बसले.

उत्तरेच्या शेजाऱ्याची, वनाची, बाग आहे, तिची पश्चिम उघडी. सोमवारी त्याची एक ओळ सुकली होती आणि तो म्हणाला, एवढं तर दरवर्षी होतं. मंगळवारी तीन ओळी गेल्या. बुधवारी दुपारी बागेचा मध्य गेला. तू पत्रात लिहिलं होतंस ते मी डोळ्यांनी पाहिलं, पोरी. वनाच्या घरी जाऊन बसले. पावसाळ्यात त्याला गवताच्या कांड्या आणि केळीचे कंद मी देणार आहे.

किरण आता बोलायला लागला. आज त्याने न सांगता गवताला पाणी सोडलं.

तुझ्यावर जीव टाकणारी,
कमलआत्या


धुळे
३ जून

ती. आत्यास,
हेमांगीचे नुसते पाय धरणे.

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. व्हॉल्व बंद केलास तिथे मी पत्र एका मुलीच्या हाती दिलं आणि उरलेलं तिने वाचलं. मी इतकी वर्षं ज्याचा अभ्यास करते, ते तू भरल्या घडांसमोर उभी राहून करून दाखवलंस. मला तुझा अभिमान वाटतो, आत्या. एरवी हे आपण बोलत नाही, म्हणून लिहून ठेवते.

एका मुलाने विचारलं की मग बर्फही असाच वाचवता येईल का? मी म्हटलं, बाग एका माणसाने वाचवली नाही. एकाने वावर दिलं आणि एकीने पाणी दिलं. तिकडे अजून वावर कोणाचं आणि पाणी कोणाचं यावरच वाद चालू आहे.

पंधरवड्यात येते. भाकरी थापून दाखवीन, नावं ठेवायची नाहीत.

तुझीच,
हेमांगी


पिंपळपाडे
२१ जून

चि. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यावर घर ओस वाटतंय. तुझ्या भाकरीला मी नावं ठेवली नाहीत, बेबाबाईंनी ठेवली, तो माझा दोष नव्हे.

रस्त्यापासून नाल्यापर्यंतच्या सगळ्यांनी पश्चिमेला पट्टा लावायचं ठरवलंय. जानेवारीत मला हसत होते तेच कांड्यांसाठी दारात उभे आहेत. झुलालभाऊ पुन्हा केळी लावणार. तेजसने ठिबकचं साहित्य पाठवलंय. रोपं माझ्या बागेच्या अंगाने लावायला सुरुवात करायची आणि सावली धरेल तसं पुढे सरकायचं, असं आमचं ठरलं.

काल पहिला माल निघाला. गाडी भरून झाली आणि व्यापाऱ्याच्या माणसाने वजनकाट्याच्या पावतीवर नाव काय लिहू म्हणून विचारलं. मी सांगितलं, कमलबाई आणि झुलाल, दोन्ही लिही. वाटणीचं आमचं आम्ही बघू. किरणने माझ्याकडे पाहिलं, पण हसला. तो माणूस मात्र म्हणाला की झुलालभाऊंचं वावर तर यंदा पडीक होतं, त्यांचा माल कुठून आला?

मी म्हटलं, "पडीक नव्हतं. राखणीला उभं होतं."

त्याने दोन्ही नावं लिहिली.

तुझी,
कमलआत्या