मडगार्डाला माझा हातभार

१८ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. नात संस्कृतीनं फोन शिकवला. माईकचं चित्र दाबायचं, बोलायचं, तो लिहितो. मला अक्षर येत न्हाई, त्यामुळं त्यानं काय लिहिलं ते त्याचं त्याला ठाऊक. नातीला बजावलं, हे माझं खाजगी हाय, कुणी उघडायचं न्हाई. ती म्हणली, आज्जी, लॉक लाव मग. म्हणलं, लॉक लावलं तर मलाच उघडायचं न्हाई.

आता विषय. माझा पोरगा उत्तरेश्वर पुण्यात दुसऱ्याच्या गॅरेजात गाड्यांचे पोचे काढून कंटाळला आन् दिवाळीला घरी आला. रिकाम्या गोठ्यात वर्कशॉप काढलं. पहिलं काम रामप्रसादरावांच्या जीपचं, त्यांच्या वडलांच्या हातची. मडगार्ड सडून जाळी झालेत. तसले आता मिळत न्हाईत, सपाट पत्रा ठोकून घडवायचे. त्याला हत्यारं लागतात, आन् ती हत्यारं हा घरीच बनवणार हाय. आधी हत्यारं, मग मडगार्ड, मग जीप.

पाडव्याला जीप बाहेर पडली तर कामं येतील, हा इथंच राहील. न्हाई पडली तर पुण्याच्या मालकाचा फोन येऊन बसलाच हाय. मग सून मंगल आन् संस्कृती पण जातील. मला काय. जायचं तर जावं. एकटीला पीठ तेवढंच जास्त दिवस पुरंल.

तरी ठराव केला. नुसतं सांगायचं. हात लावायचा न्हाई.

१८ जानेवारी, दुपार
हात लावला. पण ते काम माझंच होतं.

चामड्याची पिशवी पाहिजे, आत वाळू. तिच्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं ठोकला की पत्र्याला खोलवा येतो म्हणं. उत्तरेश्वर चामडं घेऊन अंबाजोगाईला शिवायला निघालता. म्हणलं, थांब. ह्या गावातल्या निम्म्या गोधड्या माझ्या हातच्या, आन् तू पिशवी शिवायला परगावी जातो. दाभण घेऊन बसले. टाका असा बसला की मंगल म्हणली, आत्याबाई, हिच्यातून वारा पण जायचा न्हाई. सून सहसा बोलत न्हाई. तिला चहा केला.

१९ जानेवारी
पिशवी भरून, तोंड शिवून दिली. वाळू भरली न्हाई. वाळूची कचकच, डोळ्यात जाते. आपली ज्वारी भरली. दाणा गोल, दाबला तर सरकतो, जड पण हाय. उत्तरेश्वरला सांगितलं न्हाई. चांगलं काम सांगत बसायचं नसतं.

२४ जानेवारी
तो म्हणला, पिशवी पहिल्या दिवशी झकास होती, आता पत्रा बसतच न्हाई, खाली नुसता गोळा लागतो. मी म्हणलं, तुझा हात चुकत आसंल.

२७ जानेवारी
कोंबड्या दिवसभर पिशवीभोवती. उत्तरेश्वरनं एक टाका उसवून पाहिला. आत पीठ. पीठ पण कसं, चाळायला नको असं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कोंबड्यांकडं पाहिलं.

त्याचा बाप चिडला की जास्त अदबीनं बोलायचा. हा पण तसाच म्हणला, माय, तू दमली असशील, जरा आत पड.

ठराव: गोठ्याकडं जायचं न्हाई. ओट्यावरून दिसतं तेवढं बघायचं. पाट जरा गोठ्याच्या बाजूला सरकवला, ऊन लागतं म्हणून.

२ फेब्रुवारी
ओट्यावरून सगळं दिसतं. आता नवं हत्यार. एक मोठं चाक वर, एक लहान चाक खाली, मधून पत्रा पुढंमागं फिरवायचा, म्हंजी ठोकलेले खड्डे निघून पत्रा गुळगुळीत होतो. त्याला इंग्लिश व्हील म्हणतात. जाड पाइपाचा सांगाडा वेल्डिंग करून झाला, पण चाकं मिळेनात. उत्तरेश्वर रोज फोनवर हाय. कुठं लेथवाला नसतो, कुठं लोखंड नसतं.

दोन चाकांच्या मधून दाबून काढायचं. म्हंजी काय? म्हंजी उसाचा चरक. एवढं शिकून कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. शेजारच्या परमेश्वरची रसवंती शिवरात्रीपर्यंत बंद हाय, चरक पोत्याखाली झाकून ठेवलाय.

पण मी मधी पडणार न्हाई.

३ फेब्रुवारी
परमेश्वरकडं गेलते, सहज. चरक आणला. तो म्हणला, काकू, शिवरात्रीला दुकान मांडायचंय, जपून. म्हणलं, लेकरा, ऊस चिरडतो तो, पत्र्यानं त्याला काय होतंय.

उत्तरेश्वर सामान आणायला केजला गेलता. त्याला आल्यावर तयार माल दाखवावा म्हणून मंगलला दांड्याला धरायला लावलं. ती म्हणली, आत्याबाई, ते येऊ द्या की. म्हणलं, तुला नवरा इथं ठेवायचाय का पुण्याला धाडायचाय? मंगलनं दांडा धरला.

३ फेब्रुवारी, सांज
चरकाच्या रुळावर खाचा असतात, ऊस धरायला. हे मला ठाऊक होतं, पण त्या पत्र्यावर उमटतील हे चरकानं आधी सांगायला पाहिजे होतं. चार दिवस लाकडाच्या ओंडक्यावर ठोकून घडवलेलं मडगार्ड आत गेलं आन् छपराचा पत्रा बाहेर आला. अर्धाच आला. अर्धा आत अडकला आन् दाताचं चाक कडकन् बोललं.

उत्तरेश्वर आल्यावर मी म्हणलं, डिझाइन म्हणून बरं दिसतंय. त्यानं मंगलला विचारलं, तू कशाला धरला दांडा? ती म्हणली, तुम्ही पुण्याला जाऊ नये म्हणून. मग दोघं मिळून अडकलेला पत्रा ओढायला लागले. मला वाटतं त्यांना माझी कल्पना पटली, मांडणी चुकली.

११ फेब्रुवारी
जीप तशीच उभी. उत्तरेश्वर परमेश्वरच्या चरकाचा दात बसवण्यात आठवडा घालवून बसला. परमेश्वर रोज येऊन उभा राहतो आन् सुस्कारे टाकतो. त्याचा चरक चालू झाला, आमचं काम बंद. पुण्याच्या मालकाचा फोन आलता. उत्तरेश्वर अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बोलला. मी ऐकत नव्हते. पाडव्यानंतर सांगतो, म्हणला.

संस्कृतीनं विचारलं, आज्जी, पुण्याच्या शाळेत डबा नेतात का? म्हणलं, मला काय ठाऊक. फोनला विचार.

आज जेवले न्हाई. उपास नव्हता. भूकच नव्हती.

४ मार्च
बरं चाललंय. लेथवर चाकं करून आणली. नवी पिशवी शिवली, आत वाळू. ह्या वेळी त्यानं तोंड स्वतः शिवलं, आन् टाका ढिला हाय, पण मी बोलले न्हाई. मनातल्या मनात बोलले. डाव्या बाजूचं मडगार्ड झालं. पॉलिश मारून उन्हात ठेवलंय, उजवं झालं की दोघांना मिळून रंग मारायचा. असं चकाकतंय की मी त्यात पदर नीट केला.

५ मार्च
कुरडयांचा चीक पडलाय. ओट्यावर सावली, बाजेवर मांजर. मडगार्ड मात्र तव्यासारखं तापलं होतं. वरनं गोलवा. अशी जागा देव रोज देत न्हाई. घातल्या. दोन तासात कडक.

६ मार्च
कुरडया निघाल्या. खाली मिठाचे डाग, लाल, गोल गोल, जिथं जिथं कुरडई तिथं तिथं गंज. काही जागी कुरडई पण निघाली न्हाई. उत्तरेश्वर मडगार्डासमोर उकिडवा बसून राहिला. कुरडई चांगली झाली होती, पण ही सांगायची येळ नव्हती.

मग तो आत गेला आन् बॅग काढली. रिकामीच. नुसती काढून खाटेखाली ठेवली.

मला काय. जावं.

६ मार्च, दिवेलागण, एसटीत
मंगल म्हणली, सिरसाळ्याच्या मंजुळामावशीचा फोन आलता, त्यांचे गुडघे लई दुखतात, तुम्हाला बोलावलंय. माझी धाकटी बहीण. तिचं माझ्यावाचून अडतं हे मला आधीच ठाऊक होतं. इकडं ऐन कामाच्या टायमाला सोडून जाणं जिवावर आलं, पण रक्ताचं नातं हाय. उत्तरेश्वर स्वतः एसटीत बसवायला आला. खिडकीतून पाणी दिलं, केळी दिली. गाडी हलेपर्यंत थांबला. माया हाय पोराची.

९ मार्च, सिरसाळा
मंजुळा घागर डोक्यावर घेऊन चढ चढते. म्हणलं, गुडघे? म्हणली, कुणाचे? मला बघूनच बरी झाली. इथं तिच्या सुनेला कुरडया घालायला शिकवतीय.

१९ मार्च, पाडवा
आले. अंगणात जीप. दोन्ही मडगार्ड हिरवे, असे बसलेत जसे जीपसंगच जन्मलेत. रामप्रसादरावांनी हात फिरवला, परत फिरवला, म्हणले, मावशी, माझ्या बापाची गाडी परत आली. डोळे पुसले त्यांनी. मी म्हणलं, पाया चांगला घातला होता. तेरा दिवसात झालं म्हणं सगळं. तयारी माझी होती, नुसते हातच चालवायचे राहिलते.

उत्तरेश्वरनं पुण्याला कळवलं, येत न्हाई. बॅग खाटेखाली न्हाई. मी वाकून बघितलं.

२० मार्च, सकाळ
शिरूर कासारहून एक गडी जुनी अॅम्बेसिडर दोरानं ओढत घेऊन आला. रामप्रसादरावांनीच नाव सांगितलं म्हणं. मी पदर खोचून गोठ्याकडं निघाले. उत्तरेश्वर आडवा आला. लई अदबीनं म्हणला, माय, मंजुळामावशीचे गुडघे परत दुखायला लागलेत.

फोन तर वाजला नव्हता. पण बहिणीचं दुखणं हाय, मी कशाला शंका घेऊ. नुसतं विचारलं, किती दिवस दुखतील?

त्यानं गाडीकडं पाहिलं. म्हणला, चार दरवाजे हायत. डिकी पण गेलीय.

संस्कृती आता माझी पिशवी भरतीय. पोराला गावात ठेवलं मी. अकराच्या गाडीनं निघते.