भात किती जणांचा

३ जुलै, सोम.
आल्या. दोघी बहिणी. मोठी रजिता, सात वर्षांची. धाकटी लस्या, चार पूर्ण की अपुरी कुणालाच माहीत नाही. बालकल्याण समितीच्या मॅडमनी सह्या घेतल्या. "सहा महिने सांभाळा, पुढचं पुढं बघू," म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या. आई गंगामणी. तेलंगणातली, बिलोलीकडं वीटभट्टीवर कामाला होती. टीबी लई वाढला म्हणून इथं नांदेडला दवाखान्यात. बाप दोन वर्षांखाली वारला. बाकी कुणी नाही.

पोरींना मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही. बरोबरीचा सामना.

ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मनापासून केलं होतं. लस्यानं ताट सरकवलं. "वद्दु." हे कळायला काही शिकावं लागत नाही. शेवटी कुकर लावला. मी मेस चालवते, तिथल्या पोरींचा भात वेगळा असतो, पण घरचा अकरा वर्षं दोघांचाच. हात सवयीनं दोन मुठींवर थांबला. मग अजून दोन टाकल्या.

जेवल्या. चाटूनपुसून.

५ जुलै
मेसला बारा पोरी जेवतात, सगळ्या डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या, ह्यांच्याच क्लासच्या. त्यातली वैष्णवी देगलूरची निघाली. "काकू, आमच्याकडं अर्धी गल्ली तेलुगूच बोलते!" देवच पावला. जेवणानंतर पंधरा मिनिटं दुभाषी. बदल्यात तिला जादा दही.

पहिलंच काम सांगितलं, "त्यांना म्हण, अम्मा गावाला गेलीय. येईल."
वै. बघतच राहिली. "पण काकू, त्यांची आई तर इथंच दवाखान्यात..."
"सांग म्हणलं ना."
सांगितलं तिनं. रजितानं ऐकून घेतलं, काही विचारलं नाही. लहान लेकरांना कशाला ते खोकला, रक्त, इंजेक्शन. त्यांच्या भल्यासाठीच.

१४ जुलै
हे रात्रंदिवस पेशी आणि पचनसंस्था शिकवतात. घरात पेपर तपासायला बसले की लस्या टेबलाखाली जाऊन बसते. आज त्यांच्या पायाच्या बोटांना एकेक करून नावं देत होती. एरवी पेन पडला तरी खेकसणारा माणूस, पाय हलवीना! म्हणाले, "मुंग्या आल्यात, पण राहू दे."
मला काकू म्हणतात दोघी. बारा जणी म्हणतात म्हणून ह्यापण. चला, तेरावी आणि चौदावी.

२६ जुलै
रजिता आता रोज शाळेत जाऊन राहिली. पाटीभर मराठी अक्षरं काढते, अर्थ कळो न कळो. शेजारच्या काकू कुंपणावरून, "परक्याची लेकरं गं. किती जीव लावतीस? उद्या भुर्र उडून जातील." मी म्हणलं, "तुमची दोन पुण्याला, एक हैदराबादला. तुमची कुठं थांबली?" मग मलाच वाईट वाटलं. जिभेला हाड नाही माझ्या.

९ ऑगस्ट
दवाखान्यातून फोन. डॉक्टर स्वतः बोलले. गंगामणीची थुंकीची तपासणी चांगली आली, आता लागण व्हायची भीती नाही. रोज पोरींचं विचारते. घेऊन या.
हाव म्हणलं. रविवारी आणते म्हणलं.

२० ऑगस्ट, रवि.
मागच्या रविवारी पाऊस होता. आज लस्याला सर्दी. पुढच्या रविवारी गणपतीची गडबड. ह्यांनी चष्म्यावरून बघितलं फक्त. बायॉलॉजीचा मास्तर, काय ते त्यांना बरोब्बर दिसतं.

२७ ऑगस्ट
दुपारी लस्या माझ्या मांडीवर झोपली. तोंड उघडं, हातात लसणाची पाकळी. सोलू लागत होती ना मला. मांडीला रग लागली तरी हलले नाही.
मला ह्या पाहिजेत. लिहून टाकलं. आणि ती बाई ठणठणीत बरी व्हावी असंही वाटतं. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकाच पोटात कसं मावतं देव जाणे.

६ सप्टेंबर
काल विसर्जन झालं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी कुणाशी फार बोलत नाही, घरात माहीत आहे. त्या सालीही गणपती बुडाले आणि पहाटे जमीन हलली. चोवीस वर्षं झाली. मी नऊ वर्षांची, गणपती बघायला आत्याकडं चाकूरला आले होते म्हणून वाचले. आई घरातच होती.
आत्यानं सांगितलं, "आई सोलापूरला दवाखान्यात हाय. बरी झाली की येईल." मी रोज शाळा सुटली की स्टँडवर जाऊन सोलापूरची गाडी बघायची. दिवाळीपर्यंत. मग वर्गातल्या एका पोरीनं खरं सांगून टाकलं.
पुढचं लिहीत नाही.

१९ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या
आज डोकंच फिरलं. दिवेलागणीला दार उघडलं तर उंबऱ्याशी भोपळ्याच्या पानावर फुलांचा ढीग. खाली तरवडाची पिवळी, वर झेंडू, शेंड्यावर हळदीचा गोळा. अमावस्येला! दारात! उतारा नाही तर दुसरं काय? ह्यांच्या बॅचचा निकाल चांगला लागला, कुणाच्या डोळ्यात खुपला असेल. हात नाही लावला. केरसुणीनं सुपात ओढलं आणि नाल्यात. वरून तीन तांबे पाणी. झेंडू शेजारचे आहेत हे दिसल्यावर तर काकूंना कुंपणावरूनच झाडलं, "करणी करायची तर स्वतःची फुलं तरी लपवायची!" त्या रडायच्या बाकी राहिल्या.
रजिता मागं उभी होती. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. जेवली नाही. भातसुद्धा नाही.

२० सप्टेंबर
सकाळीही जेवली नाही. शाळा नाही. शेवटी वै. ला टेस्टमधून उठवून आणलं.
दोघी बराच वेळ बोलल्या. मग वै. मराठीत बोलायलाच तयार होईना. "काकू, तो उतारा नव्हता. बतुकम्मा होती, फुलांची देवी. त्यांच्यात अमावस्येपासून अष्टमीपर्यंत रोज फुलांची रचतात, फेर धरतात, पाण्यात सोडतात. तिची आई दरवर्षी करायची. अमावस्या कधी आहे ते तिनं मलाच विचारलं होतं. तुम्हाला आवडेल म्हणून दारात ठेवली म्हणती."
मी देवी नाल्यात टाकली. केरसुणीनं.
"अजून काय म्हणती?"
"जाऊ द्या काकू."
"सांग."
"तिला माहीत आहे, अम्मा दवाखान्यातच आहे. गाडीतून नेताना तिनं बघितलं होतं. लस्याला सांगून ठेवलंय, काकू खोटं बोलतात, पण आपण ओळखलं असं दाखवायचं नाही. नाहीतर इथूनपण काढतील."
सात वर्षांची पोर. अडीच महिने माझं खोटं सांभाळून राहिली. मी आत्याला जे चोवीस वर्षं माफ केलं नाही तेच केलं, शब्दसुद्धा जवळपास तेच. लाज वाटली. खूप रडले, तिच्यासमोरच. ती घाबरली आणि पाणी घेऊन आली.
मग शेजारी जाऊन काकूंचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "ऊठ, नाटकं पुरे. फुलं पाहिजेत तर सरळ मागायची." परडीभर झेंडू दिले. दोन टोमणेही दिले. घेतले.
संध्याकाळी दारात बतुकम्मा. ह्यांनी तरवड तोडून आणला, पँटला काटे आणि चिखल. क्लासला पहिल्यांदा उशिरा गेले.

२४ सप्टेंबर, रवि.
दवाखान्यात गेलो. मी, पोरी, वै.
वाळून काटकी झालीय बाई. माझ्यापेक्षा लहान असेल. पोरी दिसल्या तशी मागं सरकली, पदर तोंडावर. डॉक्टरांनी सांगूनही तिला भीतीच. रजितानं जाऊन सरळ पदर ओढून काढला. मग तिघी एकमेकींत अशा गुंतल्या की मला कळेना कुणाचा हात कुणाचा. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. हेवा वाटला. खोटं कशाला लिहू.
नंतर ती माझ्या पायाला वाकायला लागली. ते काही सहन होईना. वै. ला म्हणलं, "सांग तिला. डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच बोलावलं होतं. मीच आणलं नाही."
वै. घुटमळली. डोळे वटारले तेव्हा बोलली.
गंगामणीनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिनं एकच विचारलं, जेवतात का नीट?
भाताचा तेलुगू शब्द एव्हाना पाठ झालाय. मी म्हणलं, "अन्नम. फक्त अन्नम. भाकरीला वद्दु!" हसली. दात किती पांढरे आहेत तिचे.

२८ सप्टेंबर, अष्टमी
शेवटची, सगळ्यात मोठी बतुकम्मा दवाखान्याच्या अंगणात. डॉक्टरांनी तासभर दिला. फुलं शेजारच्या काकूंची, मेसच्या पोरींनी मार्केटहून आणलेली, आणि तरवड. गंगामणी थर लावत होती, लस्या चुकीचं फूल चुकीच्या जागी खुपसत होती. वॉर्डातल्या बायका टाळ्या वाजवत फेर धरून राहिल्या, तेलुगू येवो न येवो. मीपण. पाय चुकले, हसल्या सगळ्या.
मध्येच तिनं वै. मार्फत विचारलं, "तुमची अम्मा कुठं असते?"
सांगितलं. भूकंपात गेली म्हणून सांगितलं. नाव सरूबाई. हे नाव मी किती वर्षांनी मोठ्यानं घेतलं? गंगामणीनं एक झेंडू उचलला, "सरूबाई" म्हणली आणि वरच्या थरात ठेवला. बस. एवढंच.
रजितानं बतुकम्मा डोक्यावरून गोदावरीपर्यंत नेली. ह्यांनी घाटावर तिचा हात धरला. फुलं लांबपर्यंत दिसत होती.

३० सप्टेंबर, दसरा
भूकंपाची तारीख आणि दसरा एकाच दिवशी. चाकूरला फोन केला. म्हणलं, "आत्या, सोलापूरचं खोटं का बोललीस?" चोवीस वर्षांनी विचारलं.
ती म्हणली, "बाई गं, मलाच तोंडातून निघत न्हवतं. तू स्टँडवर जायचीस ना रोज, मी मागं यायची. रसवंतीपाशी उभी राहायची. रोज ठरवायची, आज सांगते. न्हाई जमलं."
मला वाटायचं मी एकटीच उभी असायची तिथं.
आईचं एक लुगडं तिच्याकडं आहे म्हणे. मी मागेन म्हणून जपून ठेवलेलं. मी मागितलं नाही म्हणून दिलं नाही. आम्ही दोघी धन्य!

७ ऑक्टो.
गंगामणीला सोडलं. औषधं अजून काही महिने. सध्या बिलोलीला भट्टीवरच्या एका ओळखीच्या बाईकडं राहते. भट्टीच्या मुकादमाचे फोन सुरू झालेत, दिवाळीनंतर कामावर ये म्हणून. समितीची तारीख १३ ला. आई बरी झाली तर लेकरं आईची, कागदावर तसंच आहे आणि तसंच पाहिजे. पण भट्टी म्हणजे धूळ, धूर, तीच खोकल्याची जागा, आणि रजिताची शाळा बंद.
हे म्हणाले, "गच्चीवरची खोली रिकामीच हाय. तिघी राहतील. अंगात ताकद आली की मेसला हात लावील, पगार देऊ. शाळा सुरू राहील." मी म्हणायच्या आत हेच म्हणाले! अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पुढं गेले.
वै. नं फोनवर सांगितलं तिला. ती म्हणली, "चूद्दां." बघू.
मी वै. ला विचारलं, "बघू म्हणजे हो का नाही?"
"काकू, बघू म्हणजे बघू."
बरोबर आहे तिचं. एकदा ऑगस्टमध्ये फसवलेली बाई माझ्या शब्दावर लगेच का विश्वास ठेवील? आणि दुसऱ्याच्या गच्चीवर राहणं सोपं नसतं. आत्याकडं मी राहिलेली आहे.

१२ ऑक्टो., गुरु.
उद्या अकरा वाजता समिती. दोघींना खरं सांगितलं, वै. शिवाय, माझ्या मोडक्या तेलुगूत आणि त्यांच्या मोडक्या मराठीत. की उद्या अम्मा येणार. कदाचित तुम्ही अम्मासोबत बिलोलीला जाल. कदाचित अम्मा इथं वर राहायला येईल. मला माहीत नाही. काकूला माहीत नाही.
रजितानं विचारलं, "काकू, खरं?"
म्हणलं, "खरं."
डोळ्यात बघून घेतलं तिनं. मग मान हलवली.
पिशवी भरून ठेवलीय. गणवेश भरला, काढला, परत भरला. गच्चीवरची खोली झाडून घेतली, बल्ब नवीन लावला. दोन्ही करून ठेवलं.
गंगामणीला निरोप दिलाय की सकाळच्या गाडीनं आधी घरी ये, जेवून सगळे मिळून जाऊ. ती हो म्हणली नाही, नाहीपण म्हणली नाही. कदाचित परस्पर समितीतच येईल.
लस्या तांदूळ निवडू लागली. निम्मा सांडला.
सकाळी भात पाच जणांचा लावणार आहे. उरला तर उरला.