तोंडावर खाल्लेले स्पंज

मावशे,

आधीच सांगतो, या पाकिटात रबरी पाल नाही.

कॅन्सर तपासणीची गाडी गल्लीत आणायला वर्गणी काढायची, ही आयडिया तुझी. 'पैसे द्या आणि या कार्ट्याच्या तोंडावर ओला स्पंज मारा', हीपण तुझीच. झालं, अख्खी गल्ली रांगेत. शिंपीकाकांनी तर पुन्हापुन्हा मारला, म्हणे जुना हिशोब आहे. नाकातलं पाणी अजून थांबत नाहीये.

गाडी आली. माइकवर तू बायकांना झाप झाप झापलंस, "गाठ लपवू नका गं, लाज कसली त्यात?" आणि स्वतःचा नंबर आला तशी थेट लेकीच्या घरी पसार. गाठ तुलाच आहे, हे आईने मला काल सांगितलं. मग काय ते स्पंज मी हौसेने खाल्ले?

फोन केला तर म्हणालीस, "चल फाजील, तुझ्या चेष्टा पुरे." आणि ठेवून दिलास.

हे पत्रही टाकत नाही. पालीच्या भीतीने तू ते न फोडताच फेकशील. उद्या मीच येतो. निमूट स्कूटरवर मागे बसायचं आणि दवाखान्यात यायचं. नाहीतर माइक घेऊन जावयाच्या दारात तुझंच भाषण ठोकेन. पाठ आहे मला.

तुझा,
नाक गळका कार्टा